मागचं डावं चाक

१

आमची जीप जुनी आहे, पण ठणठणीत आहे. दर रविवारी सकाळी मी तिचं बॉनेट उघडतो, तेल बघतो, पाणी बघतो, चाकांतली हवा तपासतो, मागच्या बाकड्यांखालचा केर काढतो आणि हात पुसत आत येतो. आई विचारते, "झाली का लेकीची वेणीफणी?" मी हो म्हणतो. मग चहा मिळतो.

गाडी चालवते मुख्यत्वे माझी बायको. ती टेकडीवरच्या इस्पितळात एक्स-रे काढते. वरचा रस्ता खडीचा आहे, पावलोपावली खड्डे, साधी गाडी तिथे महिनाभर टिकणार नाही. मी घरीच असतो. मागच्या खोलीत बसून दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, मी त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवतो, दात लावतो, घासतो, पुन्हा घासतो. हे काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. पुस्तकं आणली, चुका केल्या, आईच्या तोंडात प्रयोग केले. ती म्हणते, माझ्या पहिल्या कवळीने तिला सहा महिने मौन पाळायला लावलं आणि घरात तेवढीच काय ती शांतता झाली.

त्या दिवशी बायको दुपारी घरी आली, हात धुतले आणि टॉवेल शोधता शोधता म्हणाली, "अहो, आज ब्रेक थरथरला."

"थरथरला म्हणजे?"

"म्हणजे माझा पाय थरथरला. पेडल खालून लाथा मारतंय असं वाटलं. कर्रर्र आवाज आला आणि गाडी थांबेचना. पाटी मागे राहिली, बॉनेट मोठ्या रस्त्यावर गेलं, तेव्हा कुठे थांबली."

"वेग किती होता?"

"माणूस चालतो तेवढा."

आई आतून ओरडली, "मग पाय टेकायचा खाली, सायकलसारखा!"

बायको हसली नाही. टेकडीवरून उतरणारा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथून ट्रक भरधाव जातात. म्हणूनच तिथे पाटी आहे. पत्र्याची, एका वाकड्या पाइपवर, ऊनपावसाने विटलेली, आणि तिच्यावर एकच शब्द: थांबा. बायको नवी नवी गाडी चालवायला लागली तेव्हा मीच तिला बजावलं होतं, रस्ता मोकळा दिसला तरी त्या पाटीशी गाडी पूर्ण थांबवायची. चाकं अगदी स्थिर. मग इकडे तिकडे बघायचं आणि मगच वळायचं. ती तसंच करत आली होती.

२

या गाडीत चाकं जाम होऊ नयेत म्हणून एक व्यवस्था आहे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाकाचं फिरणं मोजत राहतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक फिरायचं थांबलं आणि बाकीची फिरत राहिली, की गाडी समजते हे चाक घसरतंय. मग ती त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते, धरते, सोडते. पेडलला हिसके बसतात ते त्यामुळे. ओल्या रस्त्यावर याने जीव वाचतो.

पण सेन्सरलाच भ्रम झाला तर? चाक नीट फिरतंय आणि सेन्सर म्हणतोय थांबलं, तर गाडी नसलेल्या घसरणीवर इलाज करते आणि ब्रेक सोडून देते. जुन्या गाड्यांत हे होतं. गंज चढतो, चिखल बसतो, तार कुजते. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मी आमच्या गल्लीत गाडी फिरवून पाहिली. हळू, जोरात, अचानक, सगळ्या तऱ्हांनी ब्रेक मारले. लोण्यासारखा ब्रेक लागला. मग टेकडीवर गेलो, खडीवर मारून पाहिला, उतारावर मारून पाहिला. काही नाही. मला वाटलं, बायकोचा पाय दमला असेल.

परत येताना पाटीपाशी आलो, माणूस चालतो त्या वेगाने, आणि पेडल दाबलं. तळपायाला कुणीतरी आतून मुठी मारायला लागलं. कर्रर्र. पाटी डावीकडून सावकाश मागे गेली. मी सगळा भार पायावर दिला होता.

गाडी थांबली ती पाटीच्या चांगली पुढे जाऊन. पेडल एकदम गप्प. जणू काही झालंच नव्हतं.

३

मेकॅनिकला सगळे मामा म्हणतात. मामांचं गॅरेज आमच्यापासून जवळ आहे. त्यांनी चारही चाकं काढली, सेन्सर धुतले, घासले, तारा बघितल्या. दोन दिवसांनी गाडी परत दिली आणि म्हणाले, "आता बघा, शहाण्यासारखी थांबेल."

पाटीपाशी ती वेड्यासारखी पुढे गेली.

तेव्हा मामा स्वतः माझ्याबरोबर आले. गाडीला एक यंत्र जोडलं. त्याच्या पडद्यावर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसत होता. टेकडीवरून उतरताना चारही आकडे एकमेकांना धरून चालले होते, शाळेतल्या रांगेसारखे. पाटीशी आलो, मी ब्रेक दाबला, आणि एक आकडा एकदम शून्यावर गेला.

"मागचं डावं," मामा म्हणाले. "गाडी म्हणते मागचं डावं चाक थांबलंय."

त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागे बघितलं. "फिरतंय की मस्त! माझ्या डोळ्यांनी बघतोय."

मग त्यांनी मागच्या दोन चाकांचे सेन्सर आपसांत बदलले. ही साधी युक्ती. सेन्सर खराब असेल तर दोष त्याच्याबरोबर उजवीकडे जायला हवा. दोष गेला नाही. तारही बदलली. तरी मागचं डावं, आणि फक्त पाटीशी.

मामांनी हात पुसले. "साहेब, गाडी खोटं बोलत नाही. तिला जे कळतं तेच सांगते."

"पण चाक तर फिरतंय."

"ते मलाही दिसलं," मामा म्हणाले आणि बिडी पेटवायला बाहेर गेले.

त्याच आठवड्यात बायको घरी आली ती समोरचा बंपर एका बाजूने लोंबत असलेली गाडी घेऊन. ट्रक घासून गेला होता. अजून हातभर पुढे गेले असते तर संपलंच होतं, ती म्हणाली. तिने चहाचा कप उचलला आणि तोंडाला न लावता परत ठेवला. आईनेही त्या दिवशी काही टोमणा मारला नाही.

मी मामांना म्हटलं, फ्यूज काढून टाकू. या व्यवस्थेचा फ्यूज काढला की ती बंद पडते आणि ब्रेक साध्या जुन्या पद्धतीने लागतो. पुष्कळ लोक हेच करतात.

"काढा की," मामा म्हणाले. "आमच्या वेळच्या गाड्यांना कुठे होतं असलं काही? पण एक सांगू? इतक्या गाड्या हाताखालून गेल्या, एकाच जागी नखरे करणारी ही पहिली. बैल असता तर मी वेगळं बोललो असतो."

"काय बोलला असता?"

"एखाद्या जागी बैल थांबायला तयार नसला, तर त्याला मारून थांबवत नाहीत. गुपचूप पुढे जातात." मग ते स्वतःच हसले. "पण हा काही बैल नाही. काढा तुम्ही."

मी काढला.

४

फ्यूज काढल्यावर मी एकटाच पाटीशी गेलो. लख्ख दुपार होती. आजूबाजूला घर नाही, झाड नाही, पाटीच्या बुडाशी थोडी सपाट, तुडवलेली जमीन. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, दारं पाटीच्या बरोबर रेषेत. पेडल मऊ आणि निश्चल. कवळी पहिल्याच फटक्यात हिरडीवर चपखल बसली की जो आनंद होतो, तसा मला झाला.

मी तसाच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून, उजवीकडे बघत. एक ट्रक गेला. दुसरा गेला.

तेवढ्यात गाडीचा मागचा भाग हलकेच खाली दबला आणि डावीकडे कलला. पायरीवर पाय देऊन कुणी आत चढताना दबतो तसा. मग सरळ झाला.

मी मागे वळून बघितलं. समोरासमोरची दोन बाकडी, त्यांवरचं काळं रेक्झिन, मागचं बंद दार. काही नाही. खाली उतरून गाडीभोवती फिरलो. स्प्रिंगांचं मला माहीत होतं. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, मग मागे बसते. स्प्रिंगांच्या जुन्या पट्ट्यांना बसायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच. शिवाय रस्ता एका बाजूला उतरता होता.

घरी येऊन फाटकाशी गाडी उभी केली, किल्ली फिरवली, आणि मागचा भाग पुन्हा एकदा दबून वर आला. स्प्रिंगा, मी म्हटलं. रविवारी वंगण घालायचं ठरवलं, आणि घातलंही.

त्यानंतर बायको रोज पाटीशी पूर्ण थांबायला लागली. ट्रकांची भीती संपली. आम्ही मामांना मिठाईचा पुडा दिला.

५

पुढची गोष्ट कधी सुरू झाली ते मला सांगता येणार नाही. कारण ती सुरू झाल्याचं आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आमच्या घरात पुढच्या दारापासून मागच्या माझ्या खोलीपर्यंत एक लांब पॅसेज आहे. बाहेर जाताना उजवीकडे स्वयंपाकघर आणि आमची खोली, डावीकडे सलग भिंत, तिच्या अगदी मागच्या टोकाला आईची खोली. डाव्या भिंतीला मी आईसाठी लोखंडी पाइप बसवलाय, गुडघे दुखतात म्हणून धरून चालायला.

एकदा कपडे घडी घालताना बायको म्हणाली, "तुमच्या सगळ्या शर्टांना उजव्या खांद्याला चुना कसा हो?"

मी बघितलं. खरंच होता. उजव्या खांद्याला जास्त, डाव्याला जरा कमी. मग तिने स्वतःचे कपडे उलगडले. तिच्याही खांद्यांना तसाच.

"भिंतीला घासून चालता वाटतं," ती म्हणाली.

"तूही चालतेस."

आम्ही दोघं पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिलो. उजव्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता, पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत. बाहेर जाताना आमचा उजवा खांदा त्या भिंतीला लागत होता, आत येताना डावा. पॅसेज चांगला रुंद आहे. दोन माणसं आरामात शेजारून जातील. तरीही आम्ही सगळे एकाच भिंतीला चिकटून चालत होतो.

मला हसू आलं. सवयी कशा लागतात बघा, एकाचं बघून दुसरा.

दुसऱ्या दिवशी मी आईला बघितलं. उजव्या भिंतीला हात लावत, लंगडत, ती स्वयंपाकघराकडे चालली होती. पाइप समोरच्या भिंतीला.

"आई, पाइप कशाला बसवलाय? तो धरून चाल ना."

"तिकडून कशी जाऊ?" ती वैतागून म्हणाली. "जागा नको का?"

ती पुढे गेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ती जरा थबकली. काहीतरी विसरल्यावर माणूस थबकतो तशी. मग आत जाऊन भांडी वाजवायला लागली.

त्यानंतर मी कान देऊन बसायला लागलो. माझं काम शांततेचं आहे, दिवसभर घरातला बारीकसारीक आवाज ऐकू येतो. पावलं वाजत नव्हती. कुणी चालत नव्हतं. एवढंच ऐकू यायचं: बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाचा एक पाय अवघडतो, मग तो भार दुसऱ्या पायावर देतो, त्याची चप्पल जमिनीवर किंचित सरकते, तो आवाज. कधी पुढच्या दाराजवळून. कधी मधूनच. हातातली कवळी खाली ठेवून मी बघायला जायचो. पॅसेज रिकामा. पंखा फिरतोय, दाराचा पडदा हलतोय. पडद्याचाच आवाज असणार. पडदा मी काढून धुवायला टाकला. आवाज येत राहिला. मग म्हटलं, पंखा.

आणि गाडीतला आतला आरसा. तो रोज छताकडे वळवलेला असायचा.

"आरसा असा का ठेवतेस?"

"मागून ऊन डोळ्यांवर येतं," बायको म्हणाली.

दुपारी घरी येताना ऊन समोरून असतं. हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी आरसा सरळ केला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा छताकडे.

६

कळलं ते जेवताना, आणि तेही आईमुळे.

ट्रकांबद्दल काहीतरी बोलणं चाललं होतं. बायको म्हणाली, मी काही घाई करत नाही, पाटीशी रोज थांबते.

"कसली पाटी?" आईने विचारलं.

"खालची हो. मोठ्या रस्त्याला लागताना. थांबा लिहिलेली."

आईने घास गिळला आणि हसायला लागली. इतकी, की कवळी सांभाळायला तिला तोंडावर हात धरावा लागला. "अरे शहाण्यांनो! ती गाड्यांना सांगत नाही थांबायला. तो थांबा आहे. बसचा थांबा! वर 'बस' लिहिलेलं होतं, ते गेलं पुसून."

"तिथून कुठे बस जाते?" मी म्हटलं.

"आता कुठली? कधीच बंद झाली. तू झालाही नव्हतास."

"मग पाटी कशी राहिली?"

"बस बंद करणारे बस बंद करतात. पाटी कोण काढतंय?" आईने ताट पुढे ओढलं. "आणि बस बंद झाली हे तिथे थांबलेल्यांना तरी कोण सांगणार?"

ती गंमत होती. आईच्या बोलण्याची तीच तऱ्हा आहे. पण बायकोचा हात ताटातच राहिला.

मी त्या शब्दाकडे इतकी वर्षं एकाच बाजूने बघत होतो. थांबा, म्हणजे तुम्ही, गाडीवाल्यांनी, थांबा. मीच तो तिला शिकवला होता. तो हुकूम नव्हताच. ते जागेचं नाव होतं. आणि आम्ही रोज तिथे गाडी नेऊन उभी करत होतो. इंजिन चालू, दारं पाटीच्या रेषेत, चाकं अगदी स्थिर.

आई झोपायला गेल्यावर बायको म्हणाली, "रोज एक चढतं."

मी ताटं गोळा करता करता तिच्याकडे बघितलं.

"आरशात काही दिसत नाही. नुसतं डाव्या बाकड्याचं रेक्झिन दबतं. माणूस बसल्यासारखं, गोल. घरापर्यंत तसंच असतं. फाटकाशी गाडी थांबली की वर येतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही स्प्रिंगा तपासल्या असत्या," ती म्हणाली.

ते खरं होतं. मी तपासल्याच होत्या.

रोज एक, आणि रोज ते आमच्या फाटकाशी उतरत होतं. बसने मधेच कुठेतरी उतरवून दिलं तर माणूस काय करतो? पुढच्या बसची वाट बघतो. रांगेत उभा राहून.

पॅसेजमधून आम्ही आमच्या खोलीत गेलो. दोघंही उजव्या भिंतीला चिकटून. एकमेकांकडे न बघता.

७

सकाळी मी फ्यूज परत बसवला. बायकोला म्हटलं, पाटीशी थांबायचं नाही. आधीपासून रस्ता बघत उतरायचं, मोकळा दिसला की न थांबता वळायचं. गाडी थरथरली तर थरथरू दे.

"आणि ट्रक आला तर?"

"पाटीच्या बरंच अलीकडे थांब. वर, वळणावर."

"पूर्ण थांबायचं, तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. रागाने नाही. मग किल्ली घेऊन गेली.

मला हाताला काहीतरी काम हवं होतं. मी पॅसेज पुसायला घेतला. पाणी भरपूर घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फडकं मारलं आणि वाळायला पंखा मोठा केला. मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बघत बसलो. का बघत बसलो, माहीत नाही.

फरशी मधून वाळत गेली. उजवीकडची वाळली. डावीकडे, पाइपाखाली, काही ठिकाणी ओल तशीच राहिली. वारा पोचत नाही अशा जागी राहते तशी. लांबट, पसरट ओलसर डाग, दोन दोन शेजारी. पुढच्या दारापासून सुरू होऊन मागेपर्यंत, एकामागे एक, सारख्या अंतराने. सगळ्यांची निमुळती बाजू माझ्याकडे होती आणि रुंद बाजू दाराकडे.

मी मोजले नाहीत. मोजमाप माझ्या धंद्यात रोजचंच आहे, पण मी मोजले नाहीत.

शेवटची जोडी आईच्या खोलीच्या दाराशी होती. तिच्या मागे एका माणसापुरती जागा कोरडी होती.

मी बघत असतानाच त्यातली एक जोडी किंचित सरकली. एक डाग वाळत गेला, दुसरा जरा गडद झाला. अवघडलेला पाय.

मी उठून पंखा बंद केला.

८

दुपार झाली. मला वाटतं मी काम करत होतो. निदान हातात कवळी होती. पॅसेजमध्ये आईच्या खोलीचं दार वाजलं, म्हणून मी वर बघितलं.

आई डाव्या भिंतीला उभी होती. बाहेर जायचे चांगले कपडे, केस विंचरलेले, खांद्याला पर्स. एक हात पाइपावर. तोंड पुढच्या दाराकडे.

ज्या बाईला चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभं राहवत नाही, ती अगदी ताठ उभी होती.

"आई, कुठे निघालीस?"

"कुठे नाही रे. थांबलेय."

"कशासाठी?"

तिने मान थोडी वळवली. मी अगदी बावळट प्रश्न विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "माझ्या पुढे आहेत ना अजून."

मी तिच्याजवळ गेलो. "चल, बस आत. गुडघे दुखतील."

"बसले तर नंबर जाईल."

"जाऊ दे नंबर."

"वा रे! इतका वेळ उभी राहिले ती काय उगाच?"

मी तिचा दंड धरला. आई आता वजनाने काहीच उरलेली नाही, उचलून खुर्चीत ठेवता येईल एवढी. ती हलली नाही. तिने झटकलंही नाही. नुसती उभी राहिली, बसच्या रांगेत शेजारचा माणूस धक्का देतो आणि आपण सोसतो तशी. तिचा हात गरम होता. डोळे नेहमीचेच होते. मला ते बरं वाटावं की वाईट, कळेना.

"आई, तिथे कुणी नाही," मी म्हटलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "ऐकू जातं त्यांना."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. बायको वळताना नेहमी एकदा वाजवते.

आईने एक पाऊल पुढे टाकलं. मग थांबली. मग आणखी एक. पुढच्या माणसाने जागा सोडली की आपण जेवढं सरकतो, तेवढंच. पुढचं दार मी फरशी वाळायला उघडं ठेवलं होतं. दाराबाहेर, फाटकापर्यंत, ऊन स्वच्छ पडलं होतं आणि तिथे काहीच नव्हतं. आईने आणखी एक पाऊल टाकलं.

गाडी येऊन फाटकाशी थांबणार होती. बायको रोज तिथे थांबते. मागचं दार बरोबर फाटकासमोर, आईला लांब चालावं लागू नये म्हणून. चाकं अगदी स्थिर.

मी पळालो. आईला ओलांडून, सगळा पॅसेज ओलांडून. तेव्हाही माझा उजवा खांदा भिंतीला घासत होता, मधून पळायचं धाडस झालं नाही. फाटकाबाहेर जाऊन दोन्ही हात वर केले.

"थांबू नकोस! अगं, थांबू नकोस!"

काचा बंद होत्या. तिला माझे हात दिसले आणि समोर माणूस हात करतोय म्हटल्यावर कुणीही जे करील तेच तिने केलं. ब्रेक दाबला.

आमच्या फाटकाशी ब्रेकने कधीही दगा दिला नव्हता. एकदाही नाही. या गल्लीत मीच कितीदा तपासला होता. मी गाडीच्या मागच्या डाव्या चाकाकडे बघत उभा राहिलो. जन्मात कधी कुठल्या यंत्राकडे मी मागितलं नसेल ते मागत.

कर्रर्र.

गाडी माझ्या अंगावर येत राहिली. माणूस चालतो त्या वेगाने. मी बाजूला झालो. काचेपलीकडे बायकोचा चेहरा होता, खांदे वर आलेले, सगळा भार पायावर. फाटक तिच्या डावीकडून सावकाश मागे गेलं. मागचं डावं चाक माझ्यासमोरून गेलं, व्यवस्थित फिरत. गाडी शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत गेली, तिथे कर्रर्र आवाज बंद झाला आणि बायकोला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने ब्रेक सोडून गाडी तशीच पुढे काढली. गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

आमचं घर आता काय झालंय, ते गाडीला कळलं होतं. पण ती थांबली नव्हती.

मी वळलो. आई फाटकात आली होती. एवढं अंतर चालायला तिला एरवी दोनदा बसावं लागतं. मी जाऊन तिचा हात घट्ट धरला.

"गेली," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वाट बघायची सवय झालेल्या माणसाला राग येत नाही. "भरलेली असेल. असू दे, पुढची येईल."

"पुढची येणार नाही, आई. चल आत."

"येते रे. बस आणि पाहुणा, न सांगता येतात." तिने माझ्या हातावर थोपटलं. "आता फार नाहीत पुढे."

ती दोन्ही पाय नीट जुळवून, तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली. मी तिचा हात सोडला नाही. कितीतरी वेळ आम्ही तसेच उभे होतो. गल्लीतून कुणी गेलं नाही, ऊन जरा कललं. माझा एक पाय अवघडला, मी भार दुसऱ्या पायावर दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आईच्या शेजारी उभा नव्हतो.

मी तिच्या मागे उभा होतो.